चष्म्याचा र

बकऱ्यांच्या पाठीवर गेरूनं ब लिहिला, त्याचं मला अजूनही काही वाईट वाटत नाही. जनावराला त्याचं काही दुखत नाही आणि पाणी पडलं की गेरू धुऊन जाते. पण शेजारची म्हातारी कमरेवर हात ठेवून अंगणात आली, तेव्हा मी आपलं दोरी वळत असल्याचं सोंग केलं.

“भाऊ, तुमच्या घरचं लिहेलं जनावर माझा सांभार खाऊन गेलं.”

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. भर उन्हाळ्यात बाईनं घागरीनं पाणी घालून वाफाभर जगवला होता.

“कोनतं लिहेलं?” मी विचारलं.

“मले का वाचता येते? पाठीवर लाल लाल काढलं हाये.”

“ब हाये तो,” माझी नात म्हणाली. तिचं वय पाच. “बकरीचा ब.”

“ब असो का बाप असो. माझा सांभार गेला.”

नातीनं तिला हाताला धरून बकरीजवळ नेलं आणि तिच्या बोटानं ब गिरवून घेतला. म्हातारी आली होती भांडायला, गेली बोटाला गेरू लावून. दुसऱ्या दिवशी परत आली आणि सांभाराचं अक्षर कोणतं ते विचारून गेली. कुंपणाच्या फळीवर कोळशानं हा मोठा स काढून ठेवला तिनं. बकऱ्या वाचतील आणि मागं फिरतील, असं तिला वाटलं असावं. बकऱ्यांनी फळीलाच अंग घासलं.

हा सगळा उद्योग कशासाठी ते सांगतो.

माझी बायको मागच्या हिवाळ्यात वारली. धान चुरून झालं होतं, दाणे निघाल्यावर उरलेली तणस अंगणात पडून होती, आणि चार दिवसांच्या तापात ती गेली. मी सरळ बोलणारा माणूस आहे. मला जगण्यात चव राहिली नव्हती. मुलगा सूरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो आणि आल्यावर झोपतो. सून आशा सेविका आहे, घरोघरी औषधं देत फिरते. सकाळी पिशवी खांद्याला लावून निघते ती ऊन उतरल्यावर घरी. दिवसभर घरात मी आणि नात. सकाळी उठून तोंड धुवायचं तेही मी त्या पोरीसाठी धुवायचो, कारण ती म्हणायची, आबाजी, तुमच्या तोंडाचा वास येते.

होळी झाली आणि सून एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “मामाजी, जूनमंधी पोरीले ताईकडे धाडाचा विचार हाये. चंद्रपूरले.”

ताई म्हणजे तिची मोठी बहीण.

“काऊन?”

“इथी दिवसभर तुमच्यासंग बसते. एक अक्षर येत नाई तिले. ताईची पोरगी हिच्याच वयाची हाये, पेपर वाचते.”

“पाच वर्साची पोरगी पेपर वाचून काय करते? कापसाचे भाव पाहाते का?”

सून हसली नाही. ती हसली नाही की मामला पक्का असतो.

“पयली सुरू झाली की ही मांगं पडन, मामाजी. मांगून कोनी थांबत नाई कोनासाठी.”

मग मीच बोलून बसलो. “अक्षरं मी शिकवतो. पानी लागाच्या आंदी सारी आली तं ती इथच पयलीत जाईन. नाई आली तं घेऊन जाय.”

“सारी?”

“सारी.”

“एकबी सुटलं नाई पायजे. मंग रुसून बसाचं नाई.”

असं ठरलं. ठरल्यावर मला घाम फुटला, कारण मी तिसरी शिकलेला माणूस. तिसरी दोनदा बसलो, म्हणून चौथीच्या बरोबरीचा आहे असं मी म्हणतो, पण मास्तर तसं म्हणत नव्हता.

सुनेनं चित्रांचा तक्ता आणून भिंतीला लावला. पहिल्याच घराशी आम्ही अडलो. अ अननसाचा.

“अननस म्हन्जे काय, आबाजी?”

“मलेबी खायाले नाई भेटला आजवर.”

ऐ ऐरणीचा, य यज्ञाचा. आमच्या गावात लोहार होता तो गेला, आणि यज्ञ कोणी केला नाही. मी तक्ता उलटा करून टांगला आणि आम्ही आमचा काढला. म मोहाचा. त तेंदूचा. ध धानाचा. क कोशाचा, कारण झाडावरचा रेशमाचा कोसा तिनं हातात धरून पाहिला आहे. ढ ढोल्याचा, आमच्याकडे धान ठेवायची बांबूची मोठी कणगी असते ती. व वाघाचा. हा व फार कामाचा निघाला. आंघोळीच्या वेळी ती घरामागच्या वाडीत पळायची, म्हणून मी वाडीच्या दारावर व काढून ठेवला. दोन दिवस ती दारापर्यंत जाऊन परत येत होती. तिसऱ्या दिवशी तिनं व पुसला आणि तिथं न काढला. नाईचा न. आणि गेली पळून.

मोहफुलं वेचून आणली की मी वाळायला टाकायचो, तर नात म्हणायची, आबाजी, अशी नाई. ती फुलांची अक्षरं मांडायची. अंगणभर पिवळी पिवळी अक्षरं पडलेली असायची. येणारेजाणारे कडेकडेनं चालायचे. संध्याकाळी पाहावं तर अर्धी अक्षरं लंगडी, कारण पोरगी मांडता मांडता खात होती. ग चा दांडा खाल्ला, भ चं पोट खाल्लं.

मी जन्मभर बांबू फोडला. कामट्या वाकवून अक्षर करणं मला पेन्सिलीपेक्षा सोपं. ट, ठ, ढ तर बोटं आपोआप करतात. मग आम्ही अक्षरं लपवायला लागलो. एकानं लपवायचं, दुसऱ्यानं हुडकून नाव सांगायचं. तिनं एकदा झ असा लपवला की मला सापडेचना. ढोल्यात पाहिलं, चुलीमागं पाहिलं, कोंबड्यांच्या डालीखाली पाहिलं. संध्याकाळी सून आली आणि पिशवीतून झ काढून माझ्यापुढं टाकला.

“नर्सबाईसमोर औषधाच्या गोऱ्याचं पाकीट काढाले गेली तं हे निंगालं. बाई म्हने, हे कायचं अवजार हाये?”

“मंग तू काय सांगतलं?”

“झ हाये म्हनलं. काय सांगू दुसरं?”

भाकरीचीही अक्षरं केली. नातीचं म्हणणं असं होतं की खाल्लेलं अक्षर पोटातून जात नाही. ट सोपा, तो खुसखुशीत होतो. ज्ञ तव्यावर उलटवताना मोडला आणि त्याची तीन अक्षरं झाली. बायको असती तर उलथणं माझ्याच पाठीत घातलं असतं, पीठ काय खेळायले हाये काय म्हणून. ती नव्हती, म्हणून आम्ही पीठ खेळत होतो. ही गोष्ट मला भाकरी भाजताना कळायची आणि मग मी भाकरी जाळायचो.

तेंदूपत्त्याचा हंगाम संपला तोवर पोरगी तक्त्यातली सगळी अक्षरं धडाधड म्हणायला लागली. मी छाती काढून चालायला लागलो. एका संध्याकाळी सुनेनं तक्ता सुलटा केला आणि बोट ठेवत गेली. क, ख, ग, घ. पोरगी बोटाच्या आधी बोलत होती. मग सुनेचं बोट ण वर आलं.

“काठीचा न,” पोरगी म्हणाली.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. तिनं बोट खाली खाली नेलं आणि ळ वर ठेवलं.

“हे?”

“चष्म्याचा र.”

आता हे इथं नीट सांगावं लागेल. आमच्या तोंडात ळ नाही आणि ण पण नाही. आम्ही डोळ्याला डोरा म्हणतो, फळाला फर, काळ्याला कारा. कोण ला कोन आणि पाण्याला पानी. मी शाळेत होतो तेव्हा मास्तरानं फळ्यावर ळ काढून ळ म्हटलंच असेल, तो बाहेरगावचा होता. पण आम्ही पस्तीस पोरांनी र ऐकला आणि पस्तीस पोरांनी र म्हटला. तेव्हापासून आजपर्यंत मी असंच धरून होतो की आपल्या भाषेत दोन र आहेत आणि दोन न. एक रोजचा, एक सणासुदीचा. त्या दुसऱ्या र चं रूप चष्म्यासारखं दिसते, म्हणून चष्म्याचा. आणि दुसरा न काठी टेकून उभा आहे, म्हणून काठीचा. नातीचं तर म्हणणं होतं की ही दोन्ही अक्षरं माझ्यावरूनच काढली आहेत.

सून खाली बसली. पदर तोंडात घालून इतकी हसली की पोरगी घाबरून पाणी घेऊन आली. मग तिचं हसणं थांबलं.

“मामाजी, ताई येत्या ऐतवारी येऊन राह्यली. पोरीले पाहाले. आवडलं तं संगंच नेतो म्हने.”

“आन आपलं ठरलं त्याचं?”

“ठरलं ते ठरलं. पन दोन सुटले ना?”

सहा दिवस होते.

ण लवकर जमला. नाकातून काढायचा, मला सर्दी कायमचीच आहे. ळ नं मात्र जीव खाल्ला. सुनेला वाचताना ळ म्हणता येतो, ती बारावी शिकली आहे. तिनं सांगितलं, जीभ उलटी करून टाळूला लावा आणि सोडा. मी सोडली तर ड निघाला. दुसऱ्यांदा ल. माझे खालचे चार दात नाहीत, तिथून जीभ घसरते. पोरीला तिसऱ्या खेपेला आला, असा स्वच्छ की मला तिचा राग आला. मी दोन दिवस वाडीत बसून जीभ उलटी करत होतो. शेजारची म्हातारी कुंपणावरून वाकून म्हणाली, “भाऊ, नरड्यात काटा अटकला का? सुकी भाकर खा.”

म्हणून आम्ही खेळ काढला. चष्म्याच्या जागी साधा र जो कोणी वापरेल त्याच्या नाकाला गेरूचं बोट. पोरगी पोलीस. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझं नाक पिकल्या टमाटरासारखं झालं. सुनेला वाटलं आपल्याला काही होणार नाही. संध्याकाळी ती आत आली आणि म्हणाली, “बाई वो, कारी मांजर दूध पिऊन गेली.” लगेच बोट. “आता जेवाले बसा, भाजी गारून झाली.” गाळून मधला चष्मा सुटला, दुसरं बोट. दुसऱ्या दिवशी ती नाकावर गेरू घेऊन तशीच बैठकीला गेली आणि तिथल्या बायांनी विचारलं, नवीन लस निघाली का.

मुलाचा फोन आला. ट्रक कुठं उभा आहे विचारलं तर म्हणाला, “तराजवर हाये.”

पोरीनं माझ्या हातातून फोन घेतला. “बाबा, तळ्याजवळ. तुमाले दोन चष्मे लागले.”

“कायचे चष्मे? मले चांगलं दिसते.”

“तुमचं नाक इथी नाई, म्हनून सोडून देतो,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. बिचारा त्यानं पंधरा मिनिटांनी सुनेला फोन करून विचारलं, पोरीला बरं आहे ना.

रविवारी ताई आली. सकाळच्या गाडीनं निघून भर उन्हात पोचली, हातात पोरीसाठी नवा फ्रॉक आणि एक जाड चित्रांचं पुस्तक. बोलायला गोड बाई. शहरात राहून तिनं बोलणं धुऊन घेतलेलं. पाणी म्हणायची, शाळा म्हणायची, ण आणि ळ जिथल्या तिथं. मला म्हणाली, “मामाजी, तिचं भलं होईल तेच आपण करू.” भलं हा शब्द ऐकला आणि मी पोरीला जवळ ओढलं.

सुनेनं चहा दिला. ताईनं कपाला तोंड लावलं आणि कप तिच्या हातातून निसटता निसटता वाचला. “अवो बाई, पोरलं.”

पोरगी तयारच बसली होती. “मावशी, पोळलं. चष्म्याचा लागते. नाक दे.”

“काय?”

“नाक दे म्हन्ते ते,” मी म्हणालो. “देऊन टाका. इथला कायदा हाये.”

ताईनं नाक दिलं. हसलीही. मला वाटलं, आता हिच्याच्यानं परीक्षा होत नाही. पण बाई पक्की होती. गेरू लागल्या नाकानं पुस्तक उघडलं आणि एकेक पान पुढं करायला लागली. अ आला, आ आला, अननसाला पोरगी म्हणाली, “हे आमाले खायाले नाई भेटलं, पन अ हाये.” पोटफोड्या ष आला, तो सगळ्या महाराष्ट्राला नकोसा आहे, तोही आला. बाणाचा ण नाकातून काढून दाखवला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मग एक पान आलं. पाळण्यात गोरंगोमटं मूल, खाली दोन अक्षरं.

“हे वाच,” ताई म्हणाली.

पोरीनं चित्र पाहिलं. अक्षरं पाहिली.

“बार,” ती म्हणाली.

“नीट पाहा. बाळ.”

“बार.”

ताईनं सुनेकडे पाहिलं. सून जमिनीकडे. “अगं, आत्ता मला पकडलंस ना तू पोळलं म्हणून? मग हे काय आहे? म्हण, बाळ.”

“नाई म्हनत.”

“काऊन नाई म्हनत?” हे सून म्हणाली. जरा जोरात म्हणाली.

पोरगी पुस्तकावर हात ठेवून बसली. “आजी मले बार म्हने. ये मा बार, अशी म्हने. आजीच्या नाकाले कोन गेरू लावन?”

माझी बायको तिला हाक मारायची ती हाक मला त्या घरात पुन्हा ऐकू आली. ती गेल्यापासून तशी हाक आम्ही कोणी मारली नव्हती, मी तर नाहीच. मी भिंतीकडे तोंड केलं आणि तक्ता सरळ करायला लागलो, तो सरळच होता.

ताईचा आवाज खाली आला. “बरोबर आहे गं. पण उद्या शाळेत तर असं चालणार नाही ना. गुरुजी चूक धरतील.” आणि सुनेला म्हणाली, “तुमचं एकही सुटायला नको असं ठरलं होतं म्हणालीस. हे सुटलं.”

सून उठली. पोरीजवळ बसली. पुस्तकातल्या त्या शब्दाचं पहिलं अक्षर तिनं हातानं झाकलं. उरलं तेवढ्यावर बोट ठेवलं.

“हे एकलं अक्षर कोनतं हाये?”

“ळ,” पोरगी म्हणाली. जीभ उलटी करून, टाळूला लावून, सोडून.

“आलं,” सून म्हणाली. “ताई, आमचं अक्षरांचं ठरलं होतं. शब्दांचं ठरलं नोहोतं.”

“हे कोर्टातलं बोलणं झालं,” ताई म्हणाली.

“मामाजीच्या घरात राह्यलं की येते तसं बोलनं.” सून माझ्याकडे न पाहता म्हणाली, “इथीच राहीन ते.”

ताई वाईट बाई नाही. फ्रॉक ठेवून गेली, पुस्तकही ठेवून गेली. गाडीत बसताना पोरीला म्हणाली, सुट्टीत ये. नाकावरचा गेरू तिच्या लक्षात नव्हता आणि आम्हा तिघांपैकी कोणी सांगितलं नाही.

त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जिंकलो होतो ना. जिंकल्यावर माणूस पुढचं पाहत नाही, तसं माझं झालं. जूनमध्ये पोरीचं नाव पहिलीत घातलं. पहिल्या दिवशी तिला शाळेत सोडून घरी आलो, खाटेवर बसलो, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळा अकरा ते पाच. म्हणजे गावातच ठेवून घेतली तरी दिवसभर ती शाळेतच. एवढा आटापिटा केला, जीभ उलटी केली, दोन हंगामांचा गेरू संपवला, आणि ही साधी गोष्ट ना मला सुचली ना कोणी सांगितली.

दुपारच्या खिचडीच्या वेळी मी शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. गुरुजी बाहेर आले. तरणे आहेत, गावाबाहेरचे.

“आजोबा, कोणी हवंय का?”

“नाई. पाहून राह्यलो.”

“काय पाहताय?”

“शिकवता कसे ते.”

“घरी जा, आजोबा. ती पाचला येईल.”

घरी आलो. सावली अंगणात कुठं आली की पाच वाजतात ते आता मला कळते. तोवर काय करायचं ते अजून ठरलं नाही. पण पाचला ती येते. चंद्रपूरहून पाचला आली नसती.